अक्काताईंचा चमचा

"अक्काताई, आ करा. एवढंच. नुसते ओठ ओले करायला."

चमच्यात जेमतेम घोटभर पाणी होतं. ते मी त्यांच्या ओठांपाशी धरून उभी होते आणि निम्मं पाणी त्यांच्या हनुवटीवरून उशीवर गेलं. अक्काताईंनी ओठ उघडले नाहीत. डोळेही उघडले नाहीत. पलंगाच्या पायथ्याशी त्यांच्या गावाहून आलेल्या चार बायका हात जोडून उभ्या होत्या. दवाखान्यात पेशंटला बघायला आलेली माणसं एरवी डबे उघडतात, कुणाचं लग्न ठरलं ते सांगतात, डॉक्टरांना नावं ठेवतात. या बायका काहीच बोलत नव्हत्या. एक जण हळू आवाजात जैनांचा णमोकार मंत्र म्हणत होती. दुसरीनं पुढे होऊन अक्काताईंच्या पायांवर डोकं टेकवलं आणि डोळे पुसत मागे सरली. तेव्हा मला कळलं, की या भेटायला आलेल्या नाहीत, निरोप द्यायला आल्या आहेत.

ही गुरुवारची सकाळ. मंगळवारी दुपारपासून अक्काताईंच्या तोंडात पाण्याचा थेंब गेला नव्हता.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. मुंबईच्या कॉलेजात ऑक्युपेशनल थेरपीच्या शेवटच्या वर्षाला. आठ आठवड्यांच्या पोस्टिंगसाठी मला सांगली जिल्ह्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात पाठवलं होतं. मूळची मी सुधागड तालुक्यातली, मुकादमांची चारुशीला. घाट चढून इतक्या आत मी पहिल्यांदाच आले होते. ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे काय हे तिथे सांगून सांगून माझी जीभ झिजली. आजारानं हातून गेलेली रोजची कामं माणसाच्या हातात परत आणून द्यायची, जेवणं, आंघोळ, साडी नेसणं, असं मी सोपं करून सांगायची. लोक मान डोलवायचे आणि मला व्यायामवाली बाई म्हणायचे.

अक्काताई नेजे शिरोळकडच्या. वय बहात्तर. पक्षाघातानं उजवी बाजू लुळी पडलेली आणि वाचा गेलेली. अगदीच गेली नव्हती, एक शब्द शिल्लक होता. 'हो.' दुखतंय का विचारलं की हो. आता नाही ना दुखत म्हटलं तरी हो. आमच्या विभागाच्या काळसेकर मॅडमनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की या आजारात आलेल्या 'हो'वर विसंबायचं नाही, चेहरा बघायचा. मॅडम बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या, आणि चुकीला माफी नसणाऱ्या. माझ्या आधीच्या मुलीला त्यांनी पोस्टिंग अर्ध्यावर असताना परत पाठवलं होतं. त्यांचं पाऊल व्हरांड्यात वाजलं तरी माझी पाठ ताठ व्हायची.

नेजे कुटुंब जैन, आणि अक्काताई त्यातही कडक. मॅडमनी मला एक यादीच दिली होती. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, जमिनीखाली वाढलेलं काहीही नाही. सूर्य मावळल्यावर काही भरवायचं नाही. पाणी घरून गाळून, उकळून आणलेलंच. चामड्याची वस्तू अंगाला लावायची नाही. मी ती यादी दोन दिवसांत पाठ केली. हाताला आधार द्यायचा पट्टा चामड्याचा होता, तो काढून रात्री जागून मांजरपाटाचा शिवला. अक्काताईंची सून, त्रिशलावहिनी, तो पट्टा उलटसुलट करून बघत म्हणाल्या, "एवढं कोण बगतंय ओ. चांगल्या हाईसा तुमी." त्या दिवशी मी हवेतच होते. परधर्माच्या पेशंटशी कसं वागावं यावर मला कुणी भाषण द्यायला सांगितलं असतं, तर मी दिलं असतं.

आणि मी चमचा केला. साधा स्टीलचा लहान चमचा, घोटभरच पाणी मावेल असा, दांड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून जाड केलेला, म्हणजे कमजोर पंजात नीट बसेल. अक्काताईंना गिळायला त्रास होता. पाणीसुद्धा घोटाघोटानं, मान किंचित पुढे झुकवून द्यावं लागे, नाहीतर ते श्वासनलिकेत जायचा धोका. म्हणून मी त्रिशलावहिनींना दरडावूनच सांगितलं होतं, की पेज असो, पाणी असो, औषध असो, याच चमच्यानं द्यायचं, दुसरा वापरलात आणि पाणी छातीत गेलं तर मी जबाबदार नाही. वहिनी घाबरल्या आणि त्यांनी माझं अक्षरशः ऐकलं. वाट्या, तांब्या सगळं त्यांनी घरून आणलेलं होतं. चमचा तेवढा माझा होता.

मंगळवारी दुपारी जिभेचा सराव होता. वहिनी जेवायला खाली गेल्या होत्या. जिभेला चव कळते का हे बघायचं, म्हणजे लाळ सुटते, गिळणं सुधारतं. मी आधी लिंबाचा थेंब लावला. अक्काताईंनी तोंड वाकडं केलं, आम्ही दोघी हसलो. मग मीठ. मग साखरेचं पाणी. मग मला माझ्या खोकल्यासाठी आईनं पाठवलेली मधाची बाटली आठवली. ती माझ्या एप्रनच्या खिशातच असायची. चमच्याच्या टोकावर थोडा मध घेऊन मी त्यांच्या जिभेवर लावला. अक्काताई म्हणाल्या, हो. मग पुन्हा, हो, हो, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. पक्षाघातात असं होतं, रडू लवकर फुटतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. मी त्यांचे डोळे पुसले आणि केसपेपरवर लिहिलं, 'चव कळते. प्रतिसाद उत्तम.'

संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आत, वहिनी पेज घेऊन बसल्या तर अक्काताईंनी ओठ मिटलेले. भूक नसेल म्हणून सोडून दिलं. बुधवारी सकाळी तेच. दुपारी मी गेले. मी चमचा पुढे केला, तसा त्यांचा डावा हात, जो चांगला होता, तो वर आला आणि त्यांनी चमच्यावर असा फटका मारला, की चमचा खणखणत तिसऱ्या खाटेखाली गेला. सगळा वॉर्ड माझ्याकडे बघायला लागला. मला राग आला, हे खोटं कशाला सांगू. रांगत जाऊन चमचा आणला, धुतला, पुन्हा समोर धरला. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी केसपेपरवर लिहिलं, 'रुग्ण सहकार्य करत नाही.' खाली सही केली.

त्यानंतर त्यांचं 'हो' सुद्धा बंद झालं.

गुरुवारी राउंडला मोठे डॉक्टर आले. सलाइनच्या शिरा एकेक करून सुजत चालल्या होत्या. नाकातून नळी घालायला हवी, नाहीतर दोन-तीन दिवसांचं काम आहे, असं त्यांनी अक्काताईंच्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं. आदगोंडा नेजे हा पन्नाशीचा, उभ्या दाराइतका रुंद माणूस. कानांवर केस, आवाज तळघरातून यावा तसा. मी त्यांच्याशी आजवर चार वाक्यंही बोलले नव्हते. ते डॉक्टरांचं सगळं ऐकून घेत उभे राहिले आणि म्हणाले, "नळी नको."

डॉक्टरांनी कारण विचारलं.

"तिनं तोंड मिटलंय, साहेब. आमच्यात जाणतं माणूस शेवटाला अन्नपाणी सोडतंय. तिनं मनात तसं धरलं असंल तर मी जबरदस्ती करनार न्हाई. उद्या सकाळी घरला न्हेतो."

"त्यांनी तसं सांगितलं का तुम्हाला?"

"बोलता येत असतं तर सांगितलंच असतं की."

डॉक्टर कागदावर सही घ्यायचं सांगून पुढच्या खाटेकडे गेले. काळसेकर मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, की मंगळवारी दुपारपर्यंत ही बाई व्यवस्थित खात होती, मग तुझ्या सेशनमध्ये काही वेगळं झालं का. मी म्हणाले, नाही. मला खरंच तसं वाटत होतं.

दुपारी वहिनी सामान आवरत होत्या. वाट्या एकात एक घालून फडक्यात बांधत होत्या. मी उगाचच तिथे रेंगाळत होते. आदगोंडाकाका जीप ठरवायला गेले होते. अक्काताई डोळे मिटून पडल्या होत्या, छाती हलते आहे का ते मी दर मिनिटाला बघत होते. माझा पहिला पेशंट, जो माझ्या डोळ्यांदेखत मरणार होता. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं आणि पाय हलत नव्हते.

वहिनी सासूला आत्ती म्हणायच्या. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "मला न्हाई पटत बगा. ह्यांच्याफुडं बोलता येत न्हाई, पन आत्ती मुनी महाराजांना इचारल्याबिगर कदी साधा उपास धरायची न्हाई. असं गपचिप कशी करंल?"

मी विचारलं, की त्या पहिल्यापासूनच अशा हट्टी होत्या का.

वहिनींना हसू आलं आणि रडूही. म्हणाल्या, हट्ट न्हवं, नेम. आठ वर्षांची असताना गावात महाराज आले होते, त्यांच्यापुढं बसून हिनं नेम घेतला. तो चौसष्ट वर्षं पाळला. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. त्या लग्न होऊन आल्या त्या वर्षी अक्काताईंना डांग्या खोकला झाला होता. जयसिंगपूरच्या वैद्यांनी पुड्या दिल्या, मधातून घ्यायला. अक्काताईंनी पुड्या पाण्यातून घेतल्या. गुण येईना. वैद्य ओरडले, सासरे ओरडले. दोन महिने ती बाई बरगड्या दुखेपर्यंत खोकली, पण मधाला बोट लावलं नाही.

"मध?" मी म्हणाले.

"आमच्यात दारू, मटण आन् मध एकाच वळीत," वहिनी फडक्याची गाठ मारत म्हणाल्या. "कांद्याबटाट्याचं एकवेळ कुनी खातंय, कुनी न्हाई. पन मध न्हाई. हजार माशांचा जीव त्यो. आत्ती तर मधाचं नाव घेतलं तरी चूळ भरायची."

बाटली माझ्या एप्रनच्या खिशात होती. मी खिशावर हात ठेवला आणि तो तसाच धरून ठेवला. आणि मग मंगळवारची दुपार मला पुन्हा सगळी आठवली, मी सोयीनं विसरले होते ती सुद्धा. मी अक्काताईंना बाटली दाखवली होती. मी गप्पिष्ट, पेशंट मुका, मग काय विचारता. आमच्याकडे कातकरी मे महिन्यात कसे झाडावर चढतात, पोळ्याखाली कसा धूर करतात, माश्या कशा पटापट खाली पडतात, आणि मग हा असा अस्सल मध मिळतो, तो आई फक्त आजारी माणसासाठी ठेवते, हे सगळं मी त्यांना रंगवून सांगितलं होतं. अक्काताई हो, हो, हो म्हणत होत्या. डावा हात माझ्या मनगटावर होता. मला वाटलं, मायेनं धरलाय. ती बाई माझा हात ढकलत होती.

त्यांना थुंकता येत नव्हतं. नाही म्हणता येत नव्हतं. आणि त्यानंतर पेज, पाणी, औषध, जे जे त्यांच्या तोंडाशी आलं ते त्याच चमच्यानं आलं.

मी वळून पाहिलं. अक्काताईंचे डोळे उघडे होते आणि त्या माझ्याकडे बघत होत्या.

मी तिथून निघाले ती थेट वसतिगृहाच्या खोलीत जाऊन कडी लावून बसले. आता जे सांगते ते सांगायला मला आजही लाज वाटते. पहिल्यांदा मला अक्काताईंची काळजी वाटली नाही, माझी वाटली. मॅडमना न विचारता, गिळायचा त्रास असलेल्या पेशंटला मी खिशातली वस्तू चाटवली होती. हे कळलं तर पोस्टिंग गेलं, कदाचित कॉलेजही गेलं. वडिलांनी मला मुंबईला शिकायला ठेवण्यासाठी काकांशी भांडण घेतलं होतं. आणि आदगोंडा नेजे? त्यांच्या आईचा चौसष्ट वर्षांचा नेम मी चमच्याच्या टोकानं मोडला होता, हे त्यांना कळल्यावर ते काय करतील, याचा विचारही मला पुढे नेववत नव्हता. गाव जमा होईल. ट्रस्टींपर्यंत जाईल. आणि हे सगळं कुणाला ठाऊक होतं? दोघींनाच. त्यातल्या एकीला बोलता येत नव्हतं. उद्या सकाळी जीप निघाली की संपलं. लोक म्हणणार, नेज्यांची अक्काताई मोठी पुण्यवान, शेवट ओळखून गेली. कुणी मला शब्दानंही विचारणार नव्हतं.

इतकं सोपं होतं ते. त्या सोपेपणाचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली. पहाटेपर्यंत मी कूस बदलत होते.

शुक्रवारी सकाळी आठला वॉर्डात गेले तेव्हा खाली जीप लागलेली होती. मागच्या भागात गादी घातलेली वरून दिसत होती. वॉर्डबॉय स्ट्रेचर आणायला गेला होता. आदगोंडाकाका खाटेशी उभे होते, वहिनी अक्काताईंचे केस विंचरत होत्या, आणि काळसेकर मॅडम केसपेपर घेऊन शेवटची नोंद करत होत्या. तिघंही एकदम माझ्याकडे वळली. मी खाटेची कड धरली.

आधी मुलाला सांगावं की मॅडमना, याचा विचार मी जिन्यावरच केला होता. पण प्रत्यक्षात मी अक्काताईंच्या उशाशी गेले आणि खाली बसले, म्हणजे माझं तोंड त्यांच्या तोंडासमोर येईल.

"अक्काताई," मी म्हणाले, "मंगळवारी मी तुमच्या जिभेवर लावला तो मध होता. तुम्हाला कळलं होतं. मला माहीत नव्हतं. मी विचारलं नाही. चूक माझी आहे. तुम्ही घेतला नाहीत, मी तुमच्या तोंडात घातला."

वहिनींच्या हातातली फणी खाली पडली. मॅडमचं पेन थांबलं. अक्काताईंनी डोळे उघडले आणि माझ्या चेहऱ्यावर रोखले.

"काय घातला?" मागून आदगोंडाकाकांचा आवाज आला.

मी उभी राहिले. पुन्हा सांगितलं, या वेळी सगळं. चमच्याचंही. त्याच चमच्यानं सगळं द्यायला मीच लावलं होतं, वहिनींना यातलं काही ठाऊक नव्हतं, हेही सांगितलं.

"बाटली कुठं हाय?"

मी खिशातून काढून दिली. त्यांच्या पंजात ती औषधाच्या नमुन्याएवढी दिसत होती. त्यांनी ती उजेडात धरून बघितली, मग खिडकीच्या चौकटीवर ठेवली आणि हात धोतराला पुसला.

"तुमच्यात देतात व्हय, आजारी मानसाला?"

"हो. चांगलं म्हणून देतात."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग वळून वॉर्डाबाहेर गेले. जिन्यावर त्यांच्या वहाणा वाजत गेल्या आणि खाली जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

मॅडम एवढंच म्हणाल्या, "इथेच थांब."

मी थांबले. पाऊण तास. गावाकडून माणसं आणायला गेले, असं वहिनी रडत रडत म्हणाल्या. मला वाटलं, पोलिसात गेले. मी भिंतीला टेकून उभी होते आणि दर वेळी खाली गाडी थांबली की दाराकडे बघत होते. पळून जायला कुणी अडवलं नव्हतं. अक्काताई माझ्याकडे बघत होत्या म्हणून मी गेले नाही, एवढंच.

काका एकटेच परत आले. हातात झाकलेली छोटी वाटी होती. शहरातल्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, अभिषेक चालू होता, तिथून ते गंधोदक घेऊन आले होते, भगवंताच्या अभिषेकाचं पाणी. त्यांनी खाटेजवळ येऊन दोन बोटं त्यात बुडवली आणि आईच्या कपाळाला, मग पापण्यांना लावली. तो रुंद माणूस खाटेच्या कडेला लहान मुलासारखा बसला.

"आये," ते म्हणाले, "बस्तीतल्या पंडितजींना इचारून आलो. तुझा नेम मोडला न्हाई. तू घेतलं न्हाईस. न कळत कुनी घातलं, त्येच्या प्राश्चित्ताला हे तीन उपास लई झाले म्हनले. आता एकशेआठ जाप कर मनातल्या मनात, आन् पानी घे. ऐकतीस का?"

अक्काताईंच्या ओठांची हालचाल झाली. त्या जाप करत होत्या. वहिनी त्यांच्या बोटांच्या पेरांवर मोजत होत्या. एकशेआठ व्हायला किती वेळ लागतो, ते मला त्या दिवशी कळलं. बाकी आम्ही उभेच होतो.

मग वहिनींनी बांधलेलं फडकं सोडलं, वाटीत उकळलेलं पाणी ओतलं आणि सवयीनं माझा चमचा उचलला. अक्काताईंच्या डोळ्यांत जे आलं ते मी त्या क्षणी पहिल्यांदा नीट पाहिलं. तीन दिवस मी त्याला हट्ट म्हटलं होतं, मुलानं वैराग्य म्हटलं होतं. ती बाई घाबरली होती. कुणीही येऊन कधीही तोंडात काहीही घालेल, आणि आपल्याला ओठ मिटण्यापलीकडे काही करता येणार नाही, याला ती घाबरली होती. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त.

"तो नको," मी म्हणाले. "घरचा आहे का एखादा?"

घरचा चमचा निघाला, साधा, बारीक दांड्याचा. त्यांच्या पंजात तो राहिला नसता. मी वहिनींकडे अक्काताईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा मागितला, तो पाण्यातून काढून पिळला आणि दांड्याला घट्ट गुंडाळून दोऱ्यानं बांधला. हे सगळं अक्काताईंच्या डोळ्यांसमोर केलं. दोरा कसला आहे तेही दाखवलं. मग चमचा त्यांच्या लुळ्या उजव्या पंजात ठेवला आणि त्यांचा डावा हात उचलून त्या पंजाखाली आधाराला दिला, असं की चांगला हात दुबळ्या हाताला वर नेईल. हा व्यायाम आम्ही दहा दिवस केला होता. तोंडापर्यंत तो कधीच पोचला नव्हता.

मी माझे दोन्ही हात मागे घेतले.

चमचा वाटीत गेला, हेलकावला, वर आला. अर्ध्यावर त्यांनी तो थांबवला. चमच्यातल्या पाण्याकडे त्या खूप वेळ बघत राहिल्या. नाकाशी नेऊन वास घेतला. मान पुढे झुकवायची राहिली होती, ते सांगायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी स्वतःच झुकवली. निम्मं सांडलं. निम्मं आत गेलं आणि गळ्याची घाटी खालीवर झाली.

"आणखी?" मी विचारलं.

"हो," अक्काताई म्हणाल्या. आणि चमचा आपणच वाटीकडे नेला.

जीप रिकामीच परत गेली. अक्काताई त्यानंतर तीन आठवडे तिथे होत्या आणि पेज, वरण, मऊ भात सगळं स्वतःच्या हातानं खाऊन घरी गेल्या. मी त्यांना कधी भरवलं नाही, कुणालाच भरवू दिलं नाही. आदगोंडाकाका जाताना माझ्याशी काही बोलले नाहीत. माफ केलं की नाही, ते मला ठाऊक नाही. पण त्यांनी कुठेही तक्रार केली नाही. तक्रार मॅडमनी केली. माझं पोस्टिंग आणखी चार आठवडे वाढवलं गेलं आणि कॉलेजला पत्र गेलं. ते व्हायलाच हवं होतं. वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

त्या शुक्रवारी दुपारी मात्र मॅडमनी मला त्यांच्या टेबलाशी बोलावलं आणि केसपेपर पुढे सरकवला. बुधवारची माझी ओळ वरच होती, 'रुग्ण सहकार्य करत नाही,' खाली माझी ऐटदार सही. मी पेन घेऊन ती ओळ खोडायला गेले. मॅडमनी कागदावर हात ठेवला.

"इथे खाडाखोड करायची नसते," त्या म्हणाल्या. "लिहिलंय ते राहू दे. खाली लिही."

मी पेन एक ओळ खाली नेलं. मग लिहिलं, 'रुग्णाने तोंड मिटून नकार दिला होता. कारण विचारले गेले नाही.'

मॅडमनी वाचलं. कागद पुन्हा माझ्याकडे सरकवला.

"कुणी विचारलं नाही?" त्या म्हणाल्या.

मी त्याच्या खाली आणखी एक ओळ लिहिली, 'मी विचारले नाही,' आणि सही केली.